पेव कधी उघडायचं?

(स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



जेवण नुकतंच झालेलं आहे, जेवणात पुरणपोळी होती आणि माझा विषय आहे पेन्शनवरचा कर. संयोजकांनी जुना काही हिशेब चुकता करायचं ठरवूनच मला ही वेळ दिलेली दिसते. सरांचा गणिताचा तासही याच वेळेला असायचा आणि मागच्या बाकांवर तेव्हा काय चालायचं हे सरांना ठाऊक आहे. त्यामुळे आज कोणी पेंगलं तर माझी तक्रार नाही. फक्त घोरू नका, पहिल्या रांगेत बाई बसल्या आहेत.

मी इंग्लंडमध्ये गेली तीस वर्षं काय काम करते, हे सांगायला मला सांगितलं आहे. माझं माहेर सातारा, सासर सांगली, आणि पोट भरते ते विलायतेतल्या लोकांच्या म्हातारपणाचे हिशेब करून. पण सातारा, लंडन आणि पेन्शन हे नातं माझ्यापासून सुरू झालेलं नाही. १८३९ मध्ये कंपनी सरकारनं छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं आणि तनखा देऊन काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. महाराज १८४७ मध्ये काशीतच वारले, १८४८ मध्ये सातारचं राज्य खालसा झालं, तरी रंगो बापूजी तिथेच अर्ज करत राहिले. दहा वर्षांहून अधिक काळ! शाळेतून चार भिंतींवर सहलीला जायचो तेव्हा मला प्रश्न पडायचा, एवढी वर्षं हा माणूस त्या थंडीत करत काय होता? आता कळतं. कागद करत होता. अर्ज, उत्तर, उत्तराला प्रत्युत्तर. माझंही तेच काम आहे. फरक इतकाच की त्यांच्या वाट्याला नकार आला आणि माझ्या अर्जांना कधीमधी होकार येतो.

आता मुख्य विषयाकडे येते. सांगलीकरांना हरिपूरची पेवं आठवत असतील. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती जमिनीखालची हळदीची कोठारं. हळद पेवात भरायची, तोंड लिंपायचं आणि पावती कनवटीला लावायची. पावती या हातातून त्या हातात फिरायची, हळद मात्र जागची हलायची नाही. माझ्या सासऱ्यांनी मला पहिल्यांदा पेव दाखवलं तेव्हा एक गोष्ट सांगितली होती. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आतली कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते. थोडं थांबायचं, वारा जाऊ द्यायचा, मग उतरायचं.

इंग्लंडमधली खासगी पेन्शन ही अशीच पेवातली हळद आहे. नोकरीत असताना तुम्ही आणि मालक दोघं मिळून त्यात भरता आणि भरताना सरकार करात सवलत देतं. २०१२ च्या ऑक्टोबरपासून तर तिथे मालकाला कामगाराचं नाव आपणहून अशा योजनेत घालावं लागतं. पूर्वी निवृत्त झाल्यावर त्या पैशातून बहुतेकांना विमा कंपनीकडून कायमचा तनखा विकत घ्यावा लागे. एप्रिल २०१५ पासून ते बंधन गेलं. पंचावन्न वर्षं पूर्ण झाली की पेव उघडा आणि हवं तेवढं काढा. ६ एप्रिल २०२८ पासून हे वय सत्तावन्न होणार आहे.

लोकांना वाटलं, मोकळे झालो. आणि इथेच जीव गुदमरतो. कारण काढलेल्या रकमेचा पाव भाग करमुक्त असतो, उरलेला पाऊण भाग त्या वर्षाचं उत्पन्न धरला जातो.

सर, फळ्यावर एक उदाहरण मांडते. एका माणसाच्या पेन्शनीत ८०,००० पौंड आहेत, दुसरं उत्पन्न नाही, आणि तो इंग्लंडमध्येच राहतो. त्यानं सगळे पैसे एका वर्षात काढले. २०,००० करमुक्त, ६०,००० वर कर. सध्याच्या दरानं कर होतो ११,४३२ पौंड. तोच माणूस दर वर्षी २०,००० असे चार वर्षांत काढतो. दर वर्षी ५,००० करमुक्त, १५,००० उत्पन्न, त्यातले १२,५७० माफ, उरलेल्या २,४३० वर वीस टक्के, म्हणजे ४८६ पौंड. चार वर्षांचे मिळून १,९४४. रक्कम तीच, माणूस तोच, फक्त थांबण्याची किंमत साडेनऊ हजार पौंडांच्या जवळ. माझ्या धंद्याचं निम्मं कौशल्य यात आलं. लोकांना वाटतं आम्ही पैसे कुठे गुंतवायचे ते सांगतो. खरं म्हणजे आम्ही बहुतेक वेळा "जरा थांबा" एवढंच सांगतो आणि त्यासाठी वीस पानांचा अहवाल लिहितो.

दुसरी अडचण अशी की पेवाचे नियम सारखे बदलतात. २००६ मध्ये ठरलं की आयुष्यभरात पेन्शनीत किती साठवलं तर चालेल याला मर्यादा हवी. तेव्हा ती १५ लाख पौंड होती. २०१० मध्ये १८ लाख झाली, मग उतरत उतरत २०१६ मध्ये १० लाखांवर आली. मर्यादा ओलांडली तर जबर कर. २०२३ मध्ये तो कर उठवला आणि ६ एप्रिल २०२४ पासून मर्यादाच रद्द झाली. ज्यांनी मर्यादेच्या भीतीनं आधीच नोकरी सोडली होती, त्यांना कोणी ती वर्षं परत दिली नाहीत.

आपल्यातले जे डॉक्टर होऊन तिकडे गेले, त्यांनी याचा दुसरा प्रकार भोगला. तिथे वर्षभरात पेन्शन किती वाढावी यालाही मर्यादा आहे. डॉक्टरांची पेन्शन ठरावीक रकमेची असते, म्हणून वाढ मोजताना तिला सोळानं गुणतात. समजा तुमची पुढे मिळणारी वार्षिक पेन्शन, महागाई वजा करून, यंदा ३,००० पौंडांनी वाढली. सोळा गुणिले तीन हजार, अठ्ठेचाळीस हजार. मर्यादा तेव्हा ४०,००० होती. मागच्या तीन वर्षांची शिल्लक नसेल, तर वरच्या ८,००० वर कर भरा. हातात एक पौंड आलेला नाही, येईल तो साठीनंतर, पण कराची नोटीस आज! त्यात २०१६ पासून जास्त पगारवाल्यांची मर्यादा आणखी उतरत दहा हजारांपर्यंत जाऊ लागली. शनिवारी जादा रुग्ण तपासले तर मिळकतीपेक्षा कर जास्त, असे कागद मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. डॉक्टरांनी जादा पाळ्या नाकारल्या आणि रुग्णांच्या रांगा लांबल्या. २०२० मध्ये आणि मग २०२३ मध्ये नियम सैल झाले, आता ही मर्यादा सर्वसाधारण ६०,००० आहे. कराचा एक तक्ता चुकला की शस्त्रक्रियेची तारीख पुढे जाते, हे मला तेव्हा समजलं.

आता पहिल्या रांगेसाठी. बाई, सर, तुम्हाला जुनी पेन्शन आहे आणि महागाई भत्ता वाढला की तीही वाढते. आपल्यातले जे १ नोव्हेंबर २००५ नंतर शिक्षक झाले त्यांना ती नाही, आणि मार्च २०२३ च्या संपात आपल्यापैकी काही जण रस्त्यावर होते हे मला माहीत आहे. इंग्लंडच्या सरकारी पेन्शनीचंही असंच एक दुखणं आहे. तिथे राहणाऱ्याची पेन्शन दर एप्रिलला वाढते. पण तोच माणूस सांगलीला येऊन राहिला की त्याची पेन्शन त्या दिवशीच्या आकड्यावर गोठते. २०१६ मध्ये पूर्ण पेन्शन आठवड्याला १५५ पौंड ६५ पेन्स होती. २०२५-२६ मध्ये ती २३० पौंड २५ पेन्स होती. म्हणजे २०१६ साली निवृत्त होऊन इकडे परतलेल्या माणसाला आजही १५५ च मिळतात. २०२५-२६ च्या दरानं वर्षाला जवळपास ३,८७९ पौंडांचा फरक. अमेरिकेत राहायला गेला असता तर वाढली असती. भारतात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात नाही. हा अन्याय आहे की नाही यावर तिकडे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. पण परतायचा बेत करणाऱ्यानं आधी हा आकडा वहीत मांडावा, भावनेचा भाग नंतर.

आता मला एक कबुली द्यायची आहे. या भाषणाला मी हो म्हटलं ते यासाठी.

आपला एक वर्गमित्र, तिसऱ्या बाकावरचा, इथेच बसला आहे. त्याची परवानगी घेतली आहे, नाव घेत नाही. तो इंजिनिअर होऊन २००० साली बर्मिंगहॅमला गेला. वडील अंथरुणाला खिळले म्हणून २००९ मध्ये सांगलीला परतला तो कायमचाच. तिथली त्याची सरकारी वर्गणीची वर्षं भरली नऊ. २०१२ मध्ये मी सुट्टीला आले होते. आयर्विन पुलावर भडंगाचा पुडा हातात घेऊन आम्ही उभे होतो. त्यानं विचारलं, "नऊ वर्षांचं काही मिळेल का गं?" मी म्हटलं, "मिळेल की. तीस वर्षांची पूर्ण पेन्शन, तुला नऊ तीसांश. निवांत राहा."

उत्तर बरोबर होतं. त्या दिवशीच्या कायद्याप्रमाणे शंभर टक्के बरोबर होतं. पण २०१४ मध्ये नवा कायदा झाला आणि ६ एप्रिल २०१६ पासून लागू झाला. पूर्ण पेन्शनीला पस्तीस वर्षं आणि कमीत कमी दहा. दहाच्या खाली एक वर्ष जरी कमी पडलं तरी मिळणार शून्य. माझ्या ऑफिसातली प्रत्येक फाईल मी त्या नियमाप्रमाणे पुन्हा तपासली. अशिलांना पत्रं लिहिली, फोन केले. त्याला केला नाही. कारण त्याची फाईलच नव्हती. तो अशील नव्हता, मित्र होता.

आठ वर्षं गेली. २०२४ मध्ये आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निवृत्तीचा विषय निघाला आणि यानं लिहिलं, "मला सदुसष्टाव्या वर्षी राणीकडून, सॉरी, राजाकडून थोडी पेन्शन येणार आहे, आपल्या पोरीनं सांगितलंय." सगळ्यांनी हसण्याची चिन्हं टाकली. मी रात्री अकरा वाजता त्या वाक्याकडे बघत बसले होते. सदुसष्टाव्या वर्षी त्याला पत्र आलं असतं, तुम्ही पात्र नाही. आणि त्याला वाटलं असतं, आपल्या पोरीनं फसवलं.

त्याचं जमलं, हे आधीच सांगते. तिथे नोकरी करून बाहेर गेलेल्या माणसाला, अटीत बसत असेल तर, राहिलेली वर्षं स्वेच्छेनं भरता येत होती. स्वस्त दर आठवड्याला ३ पौंड ४५ पेन्स, म्हणजे वर्षाला १८० पौंडांच्या आत. २००६ पासूनची जुनी वर्षं भरायला ५ एप्रिल २०२५ ही शेवटची मुदत होती. आम्ही अर्ज केला, महिनोन्‌महिने उत्तराची वाट पाहिली, आणि मुदतीच्या आत त्यानं आधी एक वर्ष भरलं, मग हिशेब करून आणखी काही. दहा वर्षं झाली तरी २०२५-२६ च्या दरानं आठवड्याला ६५ पौंडांच्या वर बसत होते, आणि पुढचं प्रत्येक वर्ष त्यात साडेसहा पौंडांची भर घालत होतं. आता हा दरवाजा मिटतो आहे. नोव्हेंबर २०२५ च्या तिथल्या अर्थसंकल्पात जाहीर झालं की ६ एप्रिल २०२६ पासूनच्या काळासाठी परदेशातून हा स्वस्त दर मिळणार नाही, आणि परदेशातली वर्षं भरायची तर आधी तिथलं दहा वर्षांचं वास्तव्य किंवा वर्गणी हवी. म्हणजे नऊवाल्यांसाठी पुढे वाट नाही.

त्याचं जमलं. पण मला झोप येत नाही ती बाकीच्यांसाठी. तीस वर्षांत लग्नांत, बारशांत, एसटी स्टँडवर मी किती जणांना अशी बरोबर उत्तरं देऊन ठेवली असतील? त्यातली किती उत्तरं आज चुकीची झाली असतील? मी कुणाचीच नोंद ठेवली नाही. फुकट दिलेल्या सल्ल्याला पावती नसते आणि जबाबदारीही नसते, हे मला त्या रात्री समजलं.

म्हणून माझ्या धंद्याबद्दल दोन शब्द. पूर्वी इंग्लंडमध्येही सल्लागार कमिशनवर जगत. तुम्हाला कुठली योजना विकली त्यावर त्याचं घर चाले. २०१२ च्या अखेरीस नव्या गुंतवणूक आणि पेन्शन सल्ल्यावरचं कमिशन बंद झालं. फी घ्यायची, ती आधी सांगायची, परीक्षा द्यायच्या आणि दर वर्षी ठरलेल्या तासांचा अभ्यास दाखवायचा. तरी सगळे सुधारले असं नाही. टाटांच्या ताब्यातल्या पोलाद कारखान्यातल्या कामगारांची गोष्ट तुम्ही वाचली असेल. २०१७ च्या सुमारास वेल्समधल्या पोर्ट टॅल्बटला हजारो पोलाद कामगारांनी सल्लागारांचं ऐकून जन्मभराची खात्रीची पेन्शन सोडली आणि रोख रक्कम बाजारात टाकली. नंतर नियामकानं तपासलं तेव्हा त्यातला जवळपास निम्मा सल्ला अयोग्य निघाला. ते सल्लागार परीक्षा पास होते. पण कामगारानं पेन्शन हलवली तरच फी मिळणार, अशी अनेकांची व्यवस्था होती.

आपल्याकडेही २०१३ पासून सेबीकडे नोंदलेले गुंतवणूक सल्लागार आहेत, जे तुमच्याकडून फी घेतात, आणि वितरक आहेत, ज्यांना कंपनीकडून कमिशन मिळतं. दोघंही प्रामाणिक असू शकतात. पण समोरच्याला एक प्रश्न विचारायला लाजू नका : "साहेब, मी काहीच केलं नाही तर तुम्हाला पैसे मिळतील का?" उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो ते बघा.

शेवटी घरी गेल्यावर करायच्या गोष्टी. गृहपाठ समजा.

पहिली. तुमची मुलं, सुना, जावई कंपनीकडून दोन-तीन वर्षं इंग्लंडला जाऊन आले असतील तर विचारा, पगारातून पेन्शन कापली जात होती का? बऱ्याच जणांची लहानशी पेवं तिथे पडून आहेत आणि पत्ता बदलल्यानं पत्रं जुन्या घरी जातात. तिथल्या सरकारची पेन्शन शोधून देणारी सेवा फुकट आहे.

दुसरी. फोनवरून कोणी "तुमची पेन्शन भारतात आणून देतो" म्हणाला तर फोन ठेवा. तिथल्या नियमात न बसणारी रक्कम हलली तर पंचावन्न टक्क्यांपर्यंत कर लागतो, आणि तो फोनवाला भरत नाही, तुम्ही भरता.

तिसरी. परतलेल्यांनी आपल्या इथल्या विवरणपत्रात परदेशी खातं दाखवायचं असतं. बरीच वर्षं बाहेर राहून आलेल्याला सुरुवातीची दोन-तीन वर्षं परदेशी उत्पन्नावर इथे सवलत असते. त्यानंतर ती संपते. दोन देशांत १९९३ चा करार आहे, खासगी नोकरीच्या पेन्शनवर कर राहत्या देशात लागतो, सरकारी नोकरीचा नियम वेगळा. आणि तिथे करमुक्त असलेला तो पाव भाग इथे आपोआप करमुक्त होत नाही. म्हणून काय, कधी आणि कुठे राहत असताना काढायचं, हे दोन्ही देशांचं कळणाऱ्या माणसाला आधी विचारा. पैसे काढून झाल्यावर विचारलं तर तो फक्त हळहळेल.

चौथी. नामनिर्देशन तपासा. तिथली पेन्शन असो की इथला भविष्यनिर्वाह निधी, किती तरी फॉर्मांवर अजून लग्नाआधीचं नाव आहे, आईचं. आई जाऊन वीस वर्षं झालेली असतात. इंग्लंडमध्ये तर ६ एप्रिल २०२७ पासून न वापरलेली खासगी पेन्शन वारसा कराच्या हिशेबात धरली जाणार आहे. त्यामुळे "पेन्शन सगळ्यात शेवटी खा" हा आमचा जुना सल्लाही आता प्रत्येकाला पुन्हा तपासून द्यावा लागतो.

हरिपूरच्या पेवांत २००५ च्या महापुराचं पाणी शिरलं. भरणाऱ्यांची काही चूक नव्हती. हळद चांगली होती, लिंपणही चांगलं होतं. नदी वाढली, एवढंच. नियमांचंही असंच आहे. नदी वाढते तेव्हा पेवाच्या मालकाला कोणी तरी निरोप द्यावा लागतो. माझं काम त्या निरोप्याचं आहे आणि एकदा मी ते विसरले.

सर दर सकाळी हजेरी घ्यायचे. कोण आलं नाही हे त्यांना पटावर बोट ठेवून कळायचं. मी इतकी वर्षं हिशेब केले, पण पट ठेवला नाही. या वेळी साताऱ्यात उतरल्यावर पहिल्यांदा बाजारातून एक दोनशे पानी वही घेतली. मधल्या चहाला मी मागच्या दाराशी बसणार आहे. मी तुम्हाला कधीही, कुठेही, पेन्शनबद्दल काही सांगितलं असेल, तर या, नाव सांगा आणि मी काय सांगितलं होतं ते सांगा. लिहून घेते. बदललं असेल तर कळवीन.

पहिलं नाव तिसऱ्या बाकावरच्याचं लिहिलेलं आहे.